ताई, तुला कुठला समुद्र हवाय?

बालीला जायचं ठरवणं सोपं होतं. बालीत राहायचं कुठे, हे ठरवताना मात्र डोक्याची पार मंडई झाली.

म्हणजे बघा, गोव्याला जाताना आपलं गणित पक्कं असतं. धिंगाणा घालायचा असेल तर बागा-कळंगुट, गप पडून राहायचं असेल तर पाळोळें. प्रश्न मिटला. पण बालीचा नकाशा उघडला आणि कुटा, लेगियान, सेमिन्याक, चांगू, जिंबारान, उलुवातू, नुसा दुआ, सनूर, चांदीदासा, आमेद, लोविना अशी किनाऱ्यांची माळच समोर आली. बरं, प्रत्येक नावासाठी ‘अगं, हाच बेस्ट!’ म्हणून छातीठोकपणे सांगणारा एक तरी मित्र हजर. आणि प्रत्येकाचा बेस्ट वेगळा!

आम्ही तिघी जाणार होतो. मी, ताई आणि ताईची नऊ वर्षांची लेक, म्हणजे आमची चिऊ. मे २०२५, चिऊची उन्हाळ्याची सुट्टी. त्याच वर्षी फेब्रुवारीत ताईचा घटस्फोट झाला होता. दोघांच्या संमतीने, आरडाओरडा न होता, कागदावर दोन सह्या करून. त्यानंतर ताई रोज बँकेत जात होती, डबा करत होती, चिऊचा अभ्यास घेत होती आणि कुठल्याही प्रश्नावर एकच उत्तर देत होती, ‘तू म्हणशील ते.’

मी म्हटलं, बास झालं. हिला फिरवून आणते.

एक्सेल शीट झिंदाबाद

पत्रकारितेत आठ वर्षं काढल्यावर माणसाला एक खोड लागते. कशाचाही रिसर्च केल्याशिवाय चैन पडत नाही. मी एक्सेल शीट उघडली. रकाने पाडले. सूर्यास्त, कॅफे, फोटो, खोलीचं भाडं, एअरपोर्टपासूनचं अंतर, शाकाहारी जेवण आणि शेवटी ‘मजा’, दहापैकी. मग एकेका किनाऱ्याला मार्क द्यायला बसले.

कुटा. एअरपोर्टला चिकटून, स्वस्त, लांबलचक वाळू आणि नवशिक्यांना सर्फिंग शिकायला चांगल्या लाटा. १९३६ मध्ये एका अमेरिकन जोडप्याने इथे हॉटेल काढलं, तेव्हापासून हा किनारा परदेशी पाहुण्यांच्या ओळखीचा. १२ ऑक्टोबर २००२ च्या बॉम्बस्फोटांत २०२ माणसं गेली, तेही इथेच. लेगियान रस्त्यावर त्यांचं स्मारक आहे. आज मात्र कुटा म्हणजे गर्दी, टी-शर्टची दुकानं आणि ट्रॅफिक.

नुसा दुआ. याच्या अगदी उलट. १९७० च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने आखून-रेखून वसवलेली रिसॉर्टची वसाहत. गेटवर तपासणी, आत कापलेली हिरवळ, शांत पाणी. छान आहे, पण बाली कुठेय? असं वाटायला लावणारं. शिवाय भाडं बघून मला घाम फुटला.

जिंबारान. संध्याकाळी वाळूत टेबलं मांडून कोळशावर भाजलेली मासळी. मला चाललं असतं, ताई शाकाहारी. कट.

उलुवातू. उंच कडे, खाली निळाशार समुद्र आणि जगभरातले सर्फर. पण बऱ्याच किनाऱ्यांवर पोचायला पायऱ्याच पायऱ्या, आणि खाली गेल्यावर खडक आणि लाटा. (आम्ही येऊन गेल्यावर, जुलै २०२५ मध्ये, तिथल्या बिंगिन किनाऱ्याच्या कड्यावरची बेकायदा बांधकामं सरकारने पाडायला घेतली.)

चांदीदासा. याची गोष्ट वाचून मी चाट पडले. हॉटेलांची बांधकामं जोरात होती तेव्हा चुन्यासाठी समोरचं प्रवाळच खणून काढलं गेलं. लाटा अडवणारी भिंतच गेल्यावर वाळू वाहून गेली. ज्या किनाऱ्यासाठी हॉटेलं बांधली, तो किनाराच गायब! आता तिथे काँक्रीटचे बंधारे आहेत.

आमेद आणि लोविना. एक पूर्वेला, एक उत्तरेला. काळी ज्वालामुखीची वाळू, आमेदजवळच्या तुलांबेनला पाण्याखाली १९४२ मध्ये पाणतीर लागलेलं अमेरिकन जहाज, लोविनाला डॉल्फिन. झक्कास, पण एअरपोर्टपासून तीन तासांच्या आसपास.

सनूर. मी लिहिलं होतं, ‘पूर्वेला तोंड, सूर्यास्त नाही. रिटायर्ड लोक. ऑस्ट्रेलियन लोक याला सनूर नव्हे, स्नोर म्हणतात. बोअर. मजा ३/१०.’

आणि चांगू! भाताच्या खाचरांमधून वाढलेलं, लॅपटॉप घेऊन बसलेल्या पोरापोरींचं, फ्लॅट व्हाइट आणि स्मूदी बोलचं चांगू. ‘मजा ९/१०.’

नाव ऐकून चिऊ खदाखदा हसली. “मावशी, चांगू? मग मांगू कुठाय?”

ताईला फोन केला. “चांगू बुक करू?”

“तू म्हणशील ते,” ताई म्हणाली. आणि मग जरा थांबून, “पाणी शांत असेल ना गं? चिऊला पोहायला जेमतेम येतं.”

“अगं, चालतं!” मी म्हटलं आणि ‘नॉन-रिफंडेबल’वर क्लिक केलं. पाच रात्री. स्वस्त पडत होतं ना.

दहा सेकंद

क्वालालंपूरला विमान बदलून आम्ही देनपसारला उतरलो. घड्याळ अडीच तास पुढे केलं. व्हिसाचे ५ लाख रुपिया आणि पर्यटकांकडून फेब्रुवारी २०२४ पासून घेतात ते दीड लाख रुपिया आधीच ऑनलाइन भरले होते. लाख ऐकून घाबरू नका, हजार रुपिया म्हणजे आपले पाच-साडेपाच रुपये. चिऊ दोन दिवस ‘आपण करोडपती आहोत’ म्हणून मिरवत होती.

चांगू जसं वाचलं होतं तसंच निघालं. कॅफे सॉलिड. कॉफी फुल टू मस्त. रस्ता मात्र दोन स्कूटरना पुरेल एवढा आणि त्यावर दोनशे स्कूटर. फुटपाथ औषधाला नाही. चिऊचा हात धरून चालताना ताईचा जीव मुठीत. मी आपली पुढे पुढे, ‘अगं, बघ ना किती भारी वाइब आहे!’

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही बातू बोलोंगच्या किनाऱ्यावर गेलो. करडी-काळी वाळू, सर्फ बोर्ड भाड्याने देणारी पोरं, बीन बॅग्जवर पसरलेलं पब्लिक. हा किनारा पश्चिमेकडे, थेट हिंदी महासागराला भिडलेला. मेपासून पुढे कोरडा मोसम, तेव्हा दक्षिणेकडून येणाऱ्या लाटा इथे चांगल्या जोरात असतात. सर्फर याच लाटांसाठी तर येतात. हे सगळं मी वाचलं होतं. शीटमध्ये ‘सर्फिंग: उत्तम’ असंही लिहिलं होतं.

चिऊ गुडघाभर पाण्यात, तिचा हात माझ्या हातात. आकाश केशरी झालं. मी फोटो काढायला तिचा हात सोडला.

लाट फार मोठी नव्हती. पण चिऊचे पाय उचलले गेले आणि ती दिसेनाशी झाली. फेसात नुसता तिचा पिवळा स्विमसूट एकदा दिसला, दोनदा दिसला. तिच्या डोक्यापासून हातभर अंतरावरून एक सर्फ बोर्ड सरकत गेला. मी किंचाळले. त्याआधीच ताई अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात शिरली होती. एका सर्फिंग शिकवणाऱ्या पोराने चिऊला काखेत धरून उभं केलं आणि ताईच्या हातात दिलं. चिऊ खोकली, खारट पाणी थुंकली आणि रडायला लागली. सगळं मिळून दहा सेकंद.

फोनमध्ये तो फोटो अजून आहे. केशरी आकाश आणि रिकामं पाणी.

तू पण तेच केलंस

रात्री चिऊ झोपल्यावर मी ताईला सॉरी म्हटलं. ताई बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं, आता म्हणेल, जाऊ दे. ती नेहमी तेच म्हणते.

“मी तुला फोनवर विचारलं होतं,” ती म्हणाली. “पाणी शांत असेल ना?”

“हो, पण...”

“तू म्हणालीस, अगं चालतं. बारा वर्षं मी हेच ऐकलंय. दर सुट्टीला तो मला विचारायचा, कुठे जायचं? आणि मी तोंड उघडेपर्यंत बुकिंग झालेलं असायचं. तू पण तेच केलंस. विचारलंस. पण ऐकलं नाहीस.”

मला खरं तर रागच आला. मी? मी तर हिच्या बाजूची! कोर्टाच्या तारखांना हिच्याबरोबर बाकावर बसलेली मी. ह्या ट्रिपसाठी रात्र रात्र जागलेली मी. आणि माझी तुलना त्याच्याशी?

पण मग मी लॅपटॉप उघडला. शीट समोर आली. सूर्यास्त, कॅफे, फोटो, भाडं, अंतर, जेवण, मजा. अकरा किनारे, सात रकाने. ‘शांत पाणी’ हा रकानाच नव्हता. ताईने अख्ख्या ट्रिपबद्दल एक, फक्त एक गोष्ट विचारली होती आणि मी तिच्यासाठी एक रकाना पाडला नव्हता. आणि ती ‘मजा’ कोणाची होती? माझीच.

“दे इकडे तो लॅपटॉप,” ताई म्हणाली.

तिने सगळ्या ओळी वाचल्या. बँकेत कर्जाचे कागद वाचते तशा, बोट ठेवून. मग मला प्रश्न विचारायला लागली. प्रवाळाची भिंत कुठे कुठे आहे? चालायला रस्ता कुठे आहे? मग बोट थांबलं ते माझ्या ३/१० वर.

“ही बोअर जागा बघू.”

“अगं, तीन रात्रींचे पैसे परत मिळणार नाहीत. साडेबारा हजार!”

“माझ्या खात्यात लिही,” ताई म्हणाली. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदाच ती ‘तू म्हणशील ते’ म्हणाली नव्हती.

समुद्र पळाला!

चांगू ते सनूर हे अंतर नकाशावर फार नाही. ट्रॅफिकमध्ये दीड तास लागला. एका गल्लीत, चाफ्याच्या झाडाखालचा होमस्टे. उंबऱ्यापाशी नारळाच्या पातीची छोटीशी परडी, त्यात फुलं, चिमूटभर भात आणि उदबत्ती. बालीत ही परडी रोज ठेवतात. घरापुढे, दुकानापुढे, अगदी स्कूटरवरही.

मालकीणबाईंनी नावं विचारली आणि म्हणाल्या, तुमच्यात थोरली कोण? बालीत पहिल्या मुलाचं किंवा मुलीचं नाव बहुधा वायन, दुसऱ्याचं मडे, तिसऱ्याचं न्योमान, चौथ्याचं केतुत. पाचवा झाला की पुन्हा वायनपासून सुरुवात! “मग तुम्ही वायन आणि तुम्ही मडे,” असं त्यांनी आम्हाला सांगून टाकलं. पुढचे तीन दिवस चिऊ मला ‘मडेमावशी’ म्हणत होती. धाकटीने धाकटीसारखं राहावं, असा त्यातला सूर माझ्या मलाच ऐकू येत होता.

संध्याकाळी पाचला आम्ही मोठ्या उत्साहाने किनाऱ्यावर गेलो आणि बघतो तर काय, समुद्रच नाही! ओहोटी. जिथे पाणी असायला हवं तिथे लांबच लांब ओलं शेवाळ, डबकी आणि कलंडलेल्या होड्या. लाटा दूर प्रवाळाच्या रेषेवर पांढऱ्या दोऱ्यासारख्या. मी ताईकडे बघायचं टाळलं. आता हिला वाटणार, आपण निवडलं आणि माती झाली.

ताई कमरेवर हात ठेवून उभी होती. मग ती हसायला लागली. “आयुष्यात पहिल्यांदा समुद्र निवडला आणि तोच पळून गेला!” हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. चिऊ तोवर डबक्यात बसून तारामासा शोधत होती.

सूर्यास्त नाही हे खरं. पण बुद्धपौर्णिमा आली होती, आणि पूर्वेच्या समुद्रातून चंद्र वर आला. मोठा, पिवळाधमक. माझ्या शीटमध्ये ‘चंद्रोदय’ हाही रकाना नव्हता.

सनूरचा फंडा असा आहे, की इथे घड्याळ नाही, भरतीचं वेळापत्रक बघायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला गेलो तर पाणी गच्च भरलेलं, आणि तरीही तळ्यासारखं शांत, कारण लाटा बाहेर प्रवाळावरच फुटतात. चिऊ आधी ताईला चिकटून होती. पाण्यात पाय घालीना. अर्ध्या तासाने पायाचे घोटे बुडाले, मग गुडघे. तिसऱ्या दिवशी ती पाठीवर तरंगत होती आणि ताई शेजारी कमरेएवढ्या पाण्यात उभी. मी वाळूवर. फोन पिशवीत.

किनाऱ्याला धरून चालण्या-सायकलींसाठी लांबच लांब फरसबंद वाट आहे. ताईने सायकल भाड्याने घेतली. कॉलेजनंतर पहिल्यांदा. आधी एका नारळवाल्याच्या टेबलाला धडकली, मग सुसाट सुटली. हवा स्वच्छ असली की सकाळी त्या वाटेवरून आगुंग ज्वालामुखी दिसतो. बालीतल्या लोकांची दिशाही त्यावरूनच ठरते. ‘काजा’ म्हणजे डोंगराकडे, ‘केलोद’ म्हणजे समुद्राकडे. उत्तर-दक्षिणेपेक्षा हे मला फार आवडलं. आपण कुठल्या बाजूला तोंड करून आहोत, एवढं कळलं की झालं.

एका उंच हॉटेलापाशी ताई थांबली. नारळाच्या झाडापेक्षा उंच इमारत आख्ख्या किनाऱ्यावर ही एकच. जपानने दिलेल्या युद्धभरपाईच्या पैशांतून बांधलेलं हे दहा मजली हॉटेल १९६६ मध्ये उघडलं. ते बघून बाकीच्या बालीत नियम झाला, की इमारत १५ मीटरच्या वर, म्हणजे माडाच्या वर जाता कामा नये. “बघ,” ताई म्हणाली, “एक चूक झाल्यावर तरी लोकांनी रकाना पाडला.” हा टोमणा होता. मी निमूटपणे घेतला.

सनूरच्याच एका छोट्या देवळात ब्लांजोंगचा शिलास्तंभ आहे. बालीच्या राजाने कोरून घेतलेला, संस्कृत आणि जुनी बाली अशा दोन भाषांतला. त्यावर वर्ष आहे शक ८३५, म्हणजे इसवी सन ९१४. ताई चमकली. “शक म्हणजे आपलं पंचांगातलं?” हो, तेच. आपण गुढी उभारतो त्या नववर्षाच्या आसपासच बऱ्याचदा बालीचा न्येपी येतो. तेव्हा त्यांच्याकडे मिरवणूक नसते, तर चोवीस तास मौन. दिवे बंद, रस्ते बंद, एअरपोर्टसुद्धा बंद. पाहुण्यांनीही हॉटेलातच राहायचं. मार्चच्या सुमारास जाणार असाल तर तारीख नक्की बघून घ्या.

मग राहायचं कुठे?

सनूरला जाऊन ताई एकदम बदलली वगैरे काही झालं नाही. शेवटच्या रात्री ती व्हरांड्यात बसून रडली. मी ‘काय झालं’ विचारलं नाही, ‘जाऊ दे’ म्हटलं नाही. चहा करून दिला आणि शेजारी बसले. शिकतेय मी.

आणि सनूर म्हणजे स्वर्ग असंही नाही. रात्री लवकर सामसूम होते. नुसा पेनिदाला जाणाऱ्या बोटींच्या धक्क्याजवळ सकाळी झुंबड असते. शाकाहारी असाल तर गाडो-गाडो मागवतानाही ‘तेरासी नको’ असं बजावून सांगावं लागतं. तेरासी म्हणजे कोळंबीची आंबवलेली पेस्ट, ती चटणीत हमखास असते. तुम्ही चार मित्र असाल, विशीत असाल आणि सर्फिंग शिकायचं असेल, तर सनूरला जाऊन मला शिव्या घालाल. तुम्ही चांगूलाच जा. माझे ९/१० मी मागे घेतलेले नाहीत. ते बरोबरच होते, फक्त माझे होते.

परत आल्यापासून तीन-चार मैत्रिणींनी विचारलं, बालीत कुठे राहू? पूर्वी मी लगेच शीट पाठवली असती. आता मी आधी विचारते, सोबत कोण आहे? आणि त्याने तुला एखादी गोष्ट हळूच, एकदाच विचारली होती का? फोन ठेवता ठेवता? तो पहिला रकाना.

आता दिवाळीच्या सुट्टीचं चाललंय. मी ताईला मेसेज टाकला, ‘कुठे जायचं? तू सांगशील ते.’

दोन दिवस उत्तर नाही. मग एक एक्सेल शीट आली. रकाने तिचे. सगळ्यात खाली एक ओळ:

‘श्रीवर्धन-दिवेआगर. बुकिंग झालं. पाणी तपासलंय. तू फक्त बॅग भर.’